मोबाइलवरच्या पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर गेमचे परीक्षण आणि शिफारस: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या परीक्षणांच्या मसुद्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. सुरुवातीला कथा, मग चित्रांची आणि संगीताची स्तुती, मग ‘कोडी थोडी अवघड आहेत’ एवढे एक वाक्य आणि शेवटी पाचपैकी चार तारे. फोन हातात घेऊन ‘घेऊ की नको’ अशा विचारात बसलेल्या माणसाच्या पदरात यातून काहीच पडत नाही. हा गेम माझ्या पडद्यावर नीट दिसेल का, माझ्या बोटांना आणि माझ्या इंग्रजीला झेपेल का, आणि मी अडकलो तर दोष माझा असेल की गेमचा, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. या प्रकारात धावणे नाही, नेम धरणे नाही. दृश्यातल्या वस्तूंना स्पर्श करायचा, उचलण्याजोगे ते उचलायचे, एक वस्तू दुसरीवर वापरून पाहायची आणि पात्रांच्या बोलण्यातून धागा काढायचा. त्यामुळे खेळणाऱ्याचा बराचसा वेळ अडकण्यातच जातो, आणि म्हणूनच परीक्षकाने आपण कोठे, किती वेळ व कशामुळे अडकलो याची नोंद ठेवली नसेल, तर त्याच्या चार ताऱ्यांना काही आधार उरत नाही. पुढचे सगळे टप्पे या नोंदीभोवती रचलेले आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १. गेम उघडण्याआधीची तयारी

नोंदवहीच्या पहिल्या पानावर फोनचे किंवा टॅबलेटचे मॉडेल, पडद्याचा आकार, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, गेमची आवृत्ती आणि डाउनलोडची तारीख लिहावी. ही कारकुनी वाटेल, पण मोबाइलवर एकदा विकत घेतलेला गेम कायमचा चालेल याची खात्री नसते. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ या आयफोन-आयपॅडच्या प्रणालीत ३२-बिट, म्हणजे जुन्या बांधणीची, ॲप चालणे बंद झाले आणि निर्मात्यांनी ज्यांना पुन्हा हात लावला नव्हता असे कितीतरी जुने गेम पैसे मोजलेल्या लोकांच्याही फोनवर उघडेनासे झाले. त्याआधीची परीक्षणे आजही वाचायला मिळतात आणि त्यांवर यंत्राचा वा आवृत्तीचा उल्लेख नसल्यामुळे वाचकाची दिशाभूल करतात.

मग पडदा मोजावा. ६.५ इंची, २०:९ प्रमाणाचा फोन आडवा धरला की पडदा साधारण १५ सेंटीमीटर रुंद आणि ६.८ सेंटीमीटर उंच भरतो. नव्वदच्या दशकातल्या गेमचे चित्र ४:३ प्रमाणाचे असते. ते न ताणता आणि न कापता बसवले तर त्याला जेमतेम ९ सेंटीमीटर रुंदी मिळते आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटरच्या काळ्या पट्ट्या राहतात. तेच चित्र १०.२ इंची आयपॅडवर वीस सेंटीमीटरहून रुंद दिसते. एकच गेम एकाला ‘रेखीव’ आणि दुसऱ्याला ‘डोळे फोडणारा’ वाटतो, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

त्यानंतर आपल्या आठवणीचा हिशेब करावा. लहानपणी संगणकावर खेळलेला गेम आणि फोनवर आलेला त्याच नावाचा गेम एकच असतो असे नाही. ‘ग्रिम फॅन्डँगो’च्या १९९८ च्या मूळ आवृत्तीत पात्राला कीबोर्डने चालवावे लागे, क्लिक करून चालवण्याची सोय २०१५ च्या सुधारित आवृत्तीत आली आणि फोनवर तीच मिळते. ‘ब्रोकन सोर्ड’चा १९९६ चा पहिला भाग फोनवर ‘डिरेक्टर्स कट’ म्हणून आला तेव्हा त्यात निको या पात्राचे नवे प्रसंग घातलेले होते, आणि आयर्लंडमधल्या ज्या बोकडाने त्या काळात अनेकांचा अंत पाहिला होता त्याचे कोडेही सौम्य केलेले होते. जुन्या आठवणीवर विसंबून ‘बोकडापाशी जपून’ असे लिहिणारा परीक्षक त्याने न खेळलेल्या गेमबद्दल लिहीत असतो.

पैशांची बाजूही आधीच नोंदवावी: एकदाच पूर्ण किंमत भरायची आहे, पहिले प्रकरण मोफत असून पुढचे विकत आहे, मध्ये जाहिराती आहेत, की गेम ॲपल आर्केड किंवा गूगल प्ले पाससारख्या मासिक वर्गणीत येतो. वर्गणीतला गेम उद्या त्या यादीतून निघूही शकतो, म्हणून तेथेही तारीख हवी.

*तपासणी:* फोनवर मोकळी जागा आहे का, हेडफोन जवळ आहे का, आणि आजपासून सलग चार-पाच दिवस रोज तासभर मिळणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर परीक्षण पुढे ढकलावे. तीन आठवड्यांच्या खंडानंतर इन्व्हेंटरीतली, म्हणजे पात्राने उचलून जवळ ठेवलेल्या वस्तूंच्या साठ्यातली, वस्तू कोठून उचलली होती हे आठवत नाही आणि त्या विसरण्याचे खापर गेमवर फुटते.

टप्पा २. पहिला तास फक्त बोटांसाठी

पहिल्या तासात कथेकडे थोडे दुर्लक्ष झाले तरी चालेल. माऊस आणि बोट यांतला मूळ फरक ध्यानात ठेवून खेळावे. माऊसचा बाण वस्तूवरून नुसता फिरवला तरी नाव दिसते किंवा बाणाचा आकार बदलतो, म्हणजे क्लिक करण्याआधीच उत्तर मिळते. बोटाला अशी अधांतरी फिरण्याची सोय नाही, आणि ज्या वस्तूला हात लावायचा तीच बोटाखाली झाकली जाते. ही उणीव प्रत्येक पोर्ट, म्हणजे संगणकावरच्या गेमची फोनसाठी केलेली आवृत्ती, आपापल्या परीने भरून काढतो: काहींत पडद्यावरून बोट सरकवत नेले की हॉटस्पॉट, म्हणजे प्रतिसाद देणाऱ्या जागा, उजळतात, काहींत दोन बोटे टेकवली की सगळ्या एकदम दिसतात, काहींत काहीच होत नाही आणि खेळणारा भिंतभर टिचक्या मारत बसतो. आपल्या गेममध्ये यांपैकी काय आहे, ते सुरुवातीला सांगितले जाते का, आणि बंद करता येते का, हे लिहून घ्यावे.

हॉटस्पॉट किती बारीक आहेत हे ‘लहान’, ‘फार लहान’ अशा शब्दांत लिहू नये. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत स्पर्शाची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, असावी असे सांगितलेले आहे. पडद्यावर शाळेची पट्टी धरून सर्वांत छोटी वस्तू मोजावी. तीन मिलिमीटरची किल्ली उचलण्यासाठी चित्र मोठे करता येत असेल तर प्रश्न नाही. येत नसेल तर ते परीक्षणात वरच यायला हवे. याच तासात संवादांच्या अक्षरांचा आकार, तो वाढवता येतो का, सबटायटल आहेत का आणि डावखुऱ्या माणसाचा तळहात इन्व्हेंटरीवर येतो का, हेही पाहून घ्यावे.

*सावधान:* हा तास टॅबलेटवर आणि बाकीचा गेम फोनवर, असे करू नये. दोन्हींवर खेळायचे असेल तर आधी फोनवर पूर्ण खेळावे आणि मग टॅबलेटवर पहिला तास पुन्हा खेळून फरक लिहावा.

टप्पा ३. अडकण्याची नोंद

दहा मिनिटे काहीच पुढे सरकले नाही की नोंद सुरू करावी. दृश्य कोणते, वेळ किती, मला काय साधायचे आहे असे मला वाटते, आणि मी काय काय करून पाहिले, हे चार-पाच ओळींत लिहावे. उजवीकडे एक रकाना रिकामा सोडावा. त्यात दोष कोणाचा हे लिहायचे असते आणि तो उत्तर सापडल्यानंतरच भरायचा असतो. अडकलेल्या अवस्थेत भरलेला रकाना हमखास गेमच्या विरुद्ध जातो, हे मी स्वतःच्या जुन्या वह्या चाळून सांगतो.

दोषाचे चार प्रकार पुरतात: बोट, भाषा, कोडे आणि मी.

*बोट.* काय करायचे ते कळले होते, पण स्पर्श लागला नाही किंवा वस्तू दिसली नाही. येथे घाईने निकाल देऊ नये, कारण कधी कधी जे बोटाचे वाटते ते गेमच्या नियमाचे असते. ‘मशिनेरियम’ हा आमानिता डिझाइन या चेक स्टुडिओचा २००९ चा गेम घ्या. त्यातला छोटा रोबो फक्त हाताच्या अंतरावरच्या वस्तूला हात लावू शकतो आणि त्यासाठी त्याला धड उंच ताणता किंवा खाली दाबून बुटके करता येते. माझ्या भाच्याने फोनवर पहिल्यांदा खेळताना वरच्या कोपऱ्यातल्या एका वस्तूवर वीसेक वेळा बोट आपटले आणि ‘टच खराब आहे’ असे सांगून फोन परत दिला. टच उत्तम होता; रोबो लांब उभा होता आणि ताणलेला नव्हता. संगणकावर बाणाचा आकार न बदलल्याने हे आपसूक कळते, फोनवर कळत नाही. म्हणून या नोंदीत ‘टच खराब’ असे न लिहिता ‘रोबो जवळ नसेल तर स्पर्शाला उत्तर मिळत नाही आणि का मिळत नाही हे नवख्याला समजत नाही’ असे लिहावे लागते. वाक्य लांब होते, पण ते वाचून पुढचा माणूस अडकत नाही.

*भाषा.* मराठी वाचकासाठी लिहिणाऱ्याने या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इंग्रजी परीक्षणांत तो नसतोच. प्रश्न नुसता शब्दसंग्रहाचा नाही. काही कोडी शब्दाच्या श्लेषावर उभी असतात. ‘मंकी आयलंड’च्या १९९१ च्या दुसऱ्या भागात एक झडप फिरवायची असते आणि त्यासाठी चक्क गुंगवलेले माकड वापरावे लागते, कारण अमेरिकन इंग्रजीत अशी झडप फिरवण्याच्या अवजाराचे, म्हणजे पान्याचे, नाव ‘मंकी रेंच’ आहे. (तीस वर्षांहून जुन्या गेमचे उत्तर फोडल्याबद्दल मी माफी मागत नाही.) ब्रिटनमध्ये एरवी ‘स्पॅनर’ म्हणतात, तेव्हा तेथलेही लोक येथे चक्रावले. आपल्याकडे तर गॅरेजमध्ये ‘पाना दे रे’ म्हणतात. पान्यावरून माकडापर्यंत कोण कसा पोहोचणार? अशा जागी अडकलेल्या वाचकाला आपण मंद आहोत असे वाटत राहते, आणि ‘येथे इंग्रजी श्लेष आहे’ एवढी आगाऊ सूचना त्याची सुटका करते.

*कोडे.* उत्तर कळल्यावर आपल्या तोंडून काय निघते, ही येथली कसोटी. ‘अरेच्चा, हे तर समोरच होतं’ असे निघाले तर कोडे प्रामाणिक आहे. ‘हे कोणाला सुचणार होतं?’ असे निघाले तर दोष कोड्याचा. दुसऱ्या बाबतीत उत्तराकडे नेणारी खूण आधी कोठे दिली होती का, हे मागे जाऊन शोधावे. खूण होती आणि आपण संवाद भराभर पुढे ढकलताना ती निसटली, असे आढळले तर रकान्यात निमूटपणे ‘मी’ लिहावे.

*मी.* झोप येत होती, बसमध्ये उभा होतो, आवाज बंद होता. शेवटच्या कारणाबद्दल एवढे सांगायला हवे की काही कोडी ऐकूनच सुटतात. तसे असेल तर ‘हेडफोनशिवाय खेळू नये’ ही ओळ परीक्षणात आलीच पाहिजे.

*तपासणी:* गेम संपेपर्यंत वहीत एकही ‘मी’ नसेल तर नोंदी पुन्हा वाचाव्यात. इतके निर्दोष कोणी खेळत नाही.

टप्पा ४. गेमला मुद्दाम त्रास देणे

फोनवर खेळणाऱ्याचा खेळ सतत मोडतो, म्हणून एका संवादाच्या ऐन मध्यात दुसऱ्या फोनवरून स्वतःला कॉल करावा, पडदा बंद करून दहा मिनिटांनी उघडावा, ॲप यादीतून उडवून पुन्हा सुरू करावे आणि एकदा विमान मोड लावून पाहावे. प्रत्येक वेळी आपण नेमके कोठे परत येतो ते लिहावे. बॅटरी अर्ध्या तासात किती टक्के उतरली आणि फोन किती तापला हेही जाता जाता टिपावे.

हा टप्पा मी एकदा गाळला होता. एका गेमची स्तुती लिहून तयार होती; शेवटच्या प्रकरणात असताना गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला, दोन मिनिटे बोललो आणि परत आलो तर चाळीस मिनिटांचे काम पुसले गेले होते. ऑटोसेव्ह फक्त दृश्य बदलल्यावर होत होता आणि ते शेवटचे प्रकरण पूर्ण एकाच खोलीत घडत होते. मसुद्यात सेव्हबद्दल मी ‘उत्तम’ असा शब्द लिहिलेला होता.

टप्पा ५. हिंट घेण्याचा क्रम

हिंट घ्यावीच, पण पायरीपायरीने. आधी गेममधली अंगभूत मदत वापरावी, कारण तिचेही परीक्षण करायचे असते. ‘मशिनेरियम’मध्ये उत्तरांची चित्रवही एका छोट्या खेळामागे कुलूपबंद आहे, त्यामुळे ती उघडण्याआधी माणूस एकदा विचार करतो, ‘थिंबलवीड पार्क’मध्ये गेममधल्याच टेलिफोनवरून हिंट मिळते, २०२२ च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये हिंटचे पुस्तक पात्राच्या खिशातच असते आणि ते एकदम उत्तर न देता थोडे थोडे उलगडते. गेममध्ये मदत नसेल तर लिखित वॉकथ्रू, म्हणजे गेम पायरीपायरीने सोडवून दाखवणारा मजकूर, उघडावा आणि फक्त आपल्या जागेपुरता वाचावा. व्हिडिओ अगदी शेवटी, कारण तो थांबवेपर्यंत पुढची दोन कोडी दिसून गेलेली असतात.

‘थिंबलवीड पार्क’ आणि ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ या दोन्ही गेममध्ये सोपी आणि अवघड अशा दोन पातळ्या आहेत आणि सोपीत काही कोडी नसतातच. आपण कोणती पातळी खेळलो हे लिहिले नाही तर लांबी, अवघडपणा आणि हिंटची गरज यांबद्दलचे प्रत्येक वाक्य अर्धवट ठरते.

*सावधान:* गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय परीक्षण लिहू नये. काही कारणाने सोडावा लागला तर कोठे सोडला ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे आणि तारे देऊ नयेत.

टप्पा ६. लेखन

सुरुवात पहिल्या पानावरच्या नोंदीने करावी: यंत्र, आवृत्ती, तारीख, पातळी, लागलेला वेळ, घेतलेल्या हिंटची संख्या. त्यानंतर बोट, मग भाषा, मग कोडी, आणि कथा शेवटी. हा क्रम उलटा वाटतो, पण ज्याच्या फोनवर अक्षरे दिसणारच नाहीत त्याला कथा किती सुंदर आहे हे आधी ऐकवण्यात अर्थ नाही. वहीतल्या सर्व नोंदी परीक्षणात ओतू नयेत. ज्या तीन-चार जागी वाचक नक्की ठेचकाळेल तेवढ्याच घ्याव्यात.

कोड्याबद्दल लिहिताना उत्तर फुटू नये यासाठी वस्तूंची नावे टाळून कोड्याची जात सांगावी. ‘तळघरात दोरीला चुंबक बांधून किल्ली काढावी लागते, ते मला फार उशिरा सुचले’ या वाक्याने वाचकाचा एक चांगला अर्धा तास हिरावला जातो. ‘तळघरात दोन वस्तू आधी एकमेकींना जोडाव्या लागतात, इन्व्हेंटरीतल्या वस्तू जोडता येतात हे त्याआधी गेमने कोठेही दाखवलेले नाही’ यातून तक्रारही पोहोचते आणि उत्तरही झाकलेले राहते. गेम जितका छोटा, तितके हे पथ्य कडक पाळावे. ‘गोरोगोआ’सारख्या, चार चौकटींतली चित्रे सरकवत खेळायच्या आणि काही तासांतच संपणाऱ्या गेममध्ये एक चित्र जरी वर्णन केले तरी बरेच सांगून होते.

तारे द्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी देत नाही.

टप्पा ७. शिफारस

परीक्षण गेमचे असते, शिफारस माणसाला असते. ‘एखादा चांगला गेम सांगा’ या प्रश्नावर लगेच नाव सांगणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आधी फोन कोणता, एका बैठकीत किती वेळ मिळतो, असा गेम पूर्वी खेळला आहे का, इंग्रजी संवाद वाचायला आवडतात की कंटाळा येतो, आणि एकट्याने खेळायचे की सोबत, हे विचारावे. उत्तरे आली की निवड आपोआप आकुंचित होते.

इंग्रजीचा अडसर असलेल्या नवख्याला ‘मशिनेरियम’, ‘सामोरोस्ट ३’ किंवा ‘गोरोगोआ’ द्यावा. तिन्हींत कथा शब्दांऐवजी चित्रांतून पुढे जाते, आणि याच कारणाने घरातल्या आजोबांना नातवासोबत खेळता येतात. संवाद आवडणाऱ्या, सवयीच्या खेळाडूला ‘थिंबलवीड पार्क’ सांगावा, पण छोट्या फोनवर नव्हे. सोबत खेळायचे असेल तर रस्टी लेक या ॲमस्टरडॅमच्या स्टुडिओचा २०२२ चा ‘द पास्ट विदिन’ आहे. तो दोघांनी, दोन यंत्रांवरच खेळता येतो, आणि एकाला दिसते ते दुसऱ्याला बोलून सांगावे लागते. एक भावंड पुण्यात आणि दुसरे न्यू जर्सीत असले तरी फोनवर आपसांत मराठीत बोलत तो खेळता येतो. मात्र दोघांनीही आपापली प्रत घ्यायची आहे हे आधी सांगावे, नाहीतर पहिल्याच पडद्यावर हिरमोड होतो.

*सावधान:* चित्रे गोंडस आहेत म्हणून गेम मुलांचा ठरवू नये. याच स्टुडिओच्या ‘रस्टी लेक हॉटेल’मध्ये प्राण्यांची तोंडे असलेले, नटूनथटून आलेले पाहुणे पाहून कोणीही तो आठ वर्षांच्या मुलाच्या हाती देईल, आणि त्यात पुढे रक्त आहे, खून आहेत. वयाबद्दल सांगताना स्टोअरवरचा वयोगट तर पाहावाच, शिवाय आपण स्वतः शेवटपर्यंत खेळलेल्या गेमपलीकडे काही सांगू नये.

शिफारस केल्यावर आठवड्याने त्या माणसाला ‘कोठे अडकलात?’ असे विचारावे. ‘आवडला का?’ या प्रश्नाला लोक भिडेखातर हो म्हणतात. अडकण्याबद्दल मात्र भरभरून बोलतात, आणि त्यातून वहीत नसलेली जागा सापडते. ती परीक्षणात तारखेसह जोडावी.

टप्पा ८. वर्षातून एकदा

गेम पुन्हा डाउनलोड करून उघडतो का, आवृत्ती बदलली आहे का, जाहिराती वाढल्या आहेत का, एवढे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. गेम स्टोअरमधून गेलेला असेल किंवा नव्या फोनवर चालत नसेल तर परीक्षणाच्या माथ्यावर तारीख घालून तसे लिहावे. खालचा मजकूर पुसू नये. जुना टॅबलेट चार्जिंगला लावून त्यावर तोच गेम खेळत बसलेला कोणीतरी असतोच.